कॅसलरॉकच्या दोन बाजूंचे गावकर

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या एका टोकाला, गोव्याच्या हद्दीला खेटून, कॅसलरॉक नावाचं स्टेशन आहे. १८८८ साली मुरगाव बंदरातून निघून घाट चढत आलेला मीटरगेजचा रूळ इथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुळाला मिळाला आणि पुढची पासष्टेक वर्षं या स्टेशनावर दोन राज्यं एकमेकांसमोर उभी होती. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगिजांची जकात, घाटावर कॅसलरॉकला इंग्रजांची आणि १९४७ नंतर भारताची. गाडी थांबायची, वळकट्या नि ट्रंका उघडल्या जायच्या, झडती झाली की पुढचा प्रवास. १९५५ साली भारताने हद्द बंद केली आणि गाड्याही बंद झाल्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि ही सरहद्द नकाशावरून गेली.

एका ठिकाणी मात्र ती अजून शाबूत आहे. ते ठिकाण म्हणजे आडनावांचं स्पेलिंग.

घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं तीच. काणकोण, केपे, सांगे या गोव्याच्या तालुक्यांत जे वेळीप, गावकर, देसाई, नाईक राहतात, तेच जोयड्यात. सोयरीक आहे, बोली जवळची आहे. पण इकडच्या माणसाचं नाव इंग्रजी अमलातल्या कारकुनाने लिहिलं आणि तिकडच्याचं पोर्तुगीज कारकुनाने. पोर्तुगीज लेखनात ‘के’ला जवळजवळ थारा नव्हता. त्यामुळे इकडचा गावकर ‘जी-ए-ओ-एन-के-ए-आर’, तर तिकडचा ‘जी-ए-यू-एन-सी-ए-आर’. इकडचा नाईक चार अक्षरांत आटोपतो, तिकडे त्याला ‘क्यू-यू-ई’ असं लांब शेपूट. प्रभूचा तिकडे ‘पोरोबो’, कामतचा ‘कामोतिम’, शेणैचा ‘सिनाय’. मराठीत, कोकणीत किंवा कन्नडमध्ये हाक मारली तर कुणाचंच काही अडत नाही. अडतं ते विमानतळावर.

जोयड्याच्या माणसाला विमान पकडायचं तर दाबोळी, मोपा, हुबळी किंवा बेळगाव. तिथे पोचल्यावर त्याच्या हातात दोन गोष्टी असतात: तिकीट आणि ओळखीचा कागद. दोन्हींवरचं नाव एकाच माणसाचं आहे, एवढंच ठरवायचं असतं. हे कसं ठरतं ते पाहू लागलं की विमान उडतं कसं यापेक्षा हे जुळतं कसं याचंच नवल जास्त वाटतं.

परदेशी जायचं तर कागद म्हणजे पासपोर्ट. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात. एका ओळीत ४४ घरं, दोन ओळींत ८८. जगातल्या कुठल्याही देशाच्या पासपोर्ट-पुस्तिकेत घरं तेवढीच आणि मांडणीही तीच, कारण ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजाने १९८० पासून आखून दिली आहे. अक्षरांचं वळणसुद्धा ठरलेलं: ‘ओसीआर-बी’, एड्रियन फ्रुटिगर या स्विस अक्षरकाराने १९६८ साली यंत्राला आणि माणसाला दोघांनाही वाचता यावं म्हणून केलेलं.

या ओळींत चालतात ती फक्त रोमन लिपीची २६ मोठी अक्षरं, दहा अंक आणि एक चिन्ह: ‘<’. रिकामी जागा म्हणजे हे चिन्ह. पहिल्या ओळीत पासपोर्टचा ‘पी’, एक ‘<’, मग भारताची तीन अक्षरं. पाच घरं गेली, उरली ३९. त्यात आधी आडनाव, मग दोन ‘<<’, मग बाकीचं नाव. आपल्या अनुस्वाराला, ‘ळ’ला, ‘ण’ला इथे प्रवेशच नाही. भारतीय पासपोर्टवर नाव मुळी रोमन लिपीतच छापतात, म्हणून आपल्याला याचं काही वाटेनासं झालं आहे. पण गोव्याकडच्या डिसोझांचा ‘डी’नंतरचा वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) या ओळीत गळून पडतो आणि ‘कोन्सेइसांव’सारख्या नावातल्या ‘सी’खालचं शेपूट नि ‘ए’वरची लाट हीही उतरवून ठेवावी लागते. जन्मगावालाही इथे जागा नाही. सुपा गावात जन्मलेल्या माणसाच्या पासपोर्टावर, वरच्या छापील भागात, ‘सुपा’ हे जन्मस्थळ असतं. ते गाव काळी नदीवरच्या धरणाखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. यंत्राला त्याच्याशी कर्तव्य नाही.

दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, देश, जन्मतारीख, लिंग, मुदत. आणि इथे एक सुरेख युक्ती आहे. समजा, जन्मतारीख १ जून १९५६. (आपल्याकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, ही हेडमास्तरांची कृपा.) ओळीत ती ५६०६०१ अशी येते. या सहा अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचं: ३५, १८, ०, ४२, ०, १. बेरीज ९६. शेवटचा अंक ६. हा ६ तारखेच्या लगेच पुढच्या घरात छापलेला असतो. आता यंत्राने चुकून ५६चं ६५ वाचलं, तर बेरीज १०० होते, शेवटी ० येतो, छापलेल्या ६ शी पटत नाही आणि यंत्र कुरकुरतं. पासपोर्ट क्रमांकाला असाच पहारेकरी अंक आहे, मुदतीला आहे आणि सगळ्यांवर मिळून ओळीच्या अगदी शेवटी आणखी एक. आपला पासपोर्ट काढून हा गुणाकार करून बघण्यात एक संध्याकाळ मजेत जाते.

मात्र पहिल्या ओळीला असा एकही अंक नाही. म्हणजे या ८८ घरांत तारखेवर पहारा, क्रमांकावर पहारा, पण नावावर नाही. एवढा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, ते माणसाचं नाव गणिताच्या संरक्षणाबाहेर उभं आहे. ‘गावकर’मधला एखादा ‘ओ’ यंत्राने ‘क्यू’ वाचला, तर कुठलीही बेरीज त्याला टोकत नाही. भारताने २०२४ पासून द्यायला घेतलेल्या ई-पासपोर्टच्या चिपमध्ये हीच ओळ डिजिटल सहीच्या बंदोबस्तात ठेवलेली असते, तिथे ती सुरक्षित. कागदावरच्या ओळीतलं नाव मात्र शेवटी काउंटरवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या भरवशावर असतं.

आता तिकिटाकडे. तिकिटावरचं नाव हे पासपोर्टाच्या नावापेक्षा वयाने मोठं आहे. आरक्षणाची पहिली मोठी संगणकी व्यवस्था, ‘सेबर’, अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून १९६०च्या दशकात उभी केली. तेव्हा विमान कंपन्या एकमेकींना टेलिप्रिंटरवर निरोप पाठवत. टेलिप्रिंटरला लहान अक्षरं येत नसत आणि प्रत्येक अक्षराचे पैसे पडत. म्हणून नाव असं लिहायची रीत पडली: आडनाव, तिरकी रेघ, नाव आणि त्यालाच चिकटून, मध्ये जागा न सोडता, मिस्टरचं ‘एम-आर’ किंवा मिसेसचं ‘एम-आर-एस’. टेलिप्रिंटर भंगारात गेले, छापील तिकिटं १ जून २००८ पासून बंद झाली (पुन्हा १ जूनच), पण नाव लिहायची ती रीत आज मोबाइलवर काढलेल्या तिकिटाच्या पोटातही तशीच आहे. बोर्डिंग पासवर तुमचं नाव आणि वडिलांचं नाव एकमेकांना चिकटून, शेवटी ‘एमआर’ लावून आलेलं दिसतं ते यामुळे.

अरबीत ‘अम्र’ असं एक नाव आहे. रोमनमध्ये ‘ए-एम-आर’. जुन्या वळणाची व्यवस्था शेवटच्या दोन अक्षरांना मिस्टर समजून बाजूला काढते आणि गृहस्थाच्या नावे उरतो नुसता ‘ए’. हे खरोखर घडलेलं आहे. आपण वाचलो ते आपल्या नावांच्या शेवटी सवयीने ‘ए’ लिहितो म्हणून. राजेंद्र लिहिताना तो ‘ए’ सोडला, तर शेवटी ‘डी-आर’ राहतं, म्हणजे डॉक्टर.

बोर्डिंग पासवरचा तो ठिपक्यांचा चौकोन म्हणजे एक छोटं पत्रच. पहिलं अक्षर ‘एम’, मग प्रवासाचे किती टप्पे तो आकडा, मग नावासाठी बरोबर २० घरं, मग आरक्षणाचा सहा अक्षरी संकेत, कुठून कुठे (दाबोळी असेल तर ‘जी-ओ-आय’, मोपा असेल तर ‘जी-ओ-एक्स’), विमान क्रमांक, आणि तारीख म्हणून वर्षातला कितवा दिवस तो आकडा. लीप वर्ष नसताना १९ डिसेंबरला उडालात तर ३५३. महिना नाही, साल नाही.

नावाला २० घरं, पासपोर्टात ३९. समजा, एका गृहस्थाचं नाव पुरुषोत्तम, आडनाव देशपांडे. आडनावाची रोमनमध्ये नऊ अक्षरं, एक तिरकी रेघ, उरली दहा घरं. ‘पुरुषोत्तम’ला अकरा लागतात. तेव्हा बारकोडात ते ‘पुरुषोत्त’ होऊन विमानात बसतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. नाव तोडलेलं दिसलं की घरातली मंडळी रात्रभर घाबरून असतात, पण हा तुटलेला भाग जुळवणीत धरलाच जात नाही. पूर्ण नाव कंपनीच्या संगणकात बसलेलं असतं.

मग जुळवणी होते तरी कुठे? देशांतर्गत प्रवासात ती विमानतळाच्या दारात होते, आणि करतो तो बहुतेक मोठ्या ठिकाणी सीआयएसएफचा जवान. तिकिटावर ‘सुनंदा वेळीप’ आणि आधारवर ‘सुनंदा गोविंद वेळीप’ असेल, तर तो चेहऱ्याकडे बघतो, फोटोकडे बघतो आणि सोडतो. ही डोळ्याची जुळवणी भलतीच हुशार असते. तिला ‘गावडा’ आणि ‘गावडे’ यांतला भेद कळतो आणि तो कधी सोडून द्यायचा हेही कळतं. जोयड्यातल्या माणसाचं आधार कन्नड आणि इंग्रजीत असतं, शाळेचा दाखला बहुधा कन्नडमध्ये, आजोबांच्या काळचा जमिनीचा कागद कदाचित मोडीत किंवा मराठीत, कारण १९५६ पर्यंत कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता. एकेका नावाने रोमन लिपीत पोचेपर्यंत दोन-तीन लिप्यांतून प्रवास केलेला असतो. दर मुक्कामावर एखादी काना-मात्रा हरवते, एखादा ‘एच’ लागतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हे काम त्या दोन ओळींकडे जातं. काउंटरवर पासपोर्ट यंत्रातून ओढला की संगणक तिकिटाचं नाव आणि ओळीतलं नाव शेजारी ठेवतो. त्यानंतर एक ठरावीक साच्याचा निरोप जातो, त्याला या धंद्यात ‘पॅक्सलिस्ट’ म्हणतात: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, विमान. कुठे जाताय त्यावर अवलंबून, तिथल्या सरकारचा संगणक काही क्षणांत ‘बसू द्या’ किंवा ‘बसू देऊ नका’ असं उत्तर देतो. तुम्ही अजून बॅग पट्ट्यावर ठेवत असता, तेवढ्यात समुद्रापलीकडे तुमच्या नावाचा निकाल लागलेला असतो. कंपन्या एवढ्या काटेकोर का, याचं उत्तर साधं आहे. योग्य कागद नसलेला प्रवासी आणला की भुर्दंड त्यांना. भारतात २०००च्या कायद्याने हा दंड माणशी एक लाख रुपये होता. २०२५च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने त्याची जागा घेतली, पण जबाबदारी कंपनीवरच ठेवली. तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, यामागे सुरक्षेइतकाच धंदाही आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकापर्यंत लोक नको असलेलं परतीचं तिकीट छोट्या जाहिरातीतून विकून टाकत. ओळखपत्र सक्तीचं झालं आणि तो बाजार संपला. माझं मत विचाराल तर या सक्तीवर कंपन्यांनी फारसे अश्रू ढाळले नसावेत.

पण सरकारी याद्यांशी नाव ताडताना अक्षराला अक्षर लावून भागत नाही. जगात मोहम्मद हे नाव किती तऱ्हांनी लिहितात ते आठवा. तिथे उच्चाराने जुळवावं लागतं, आणि त्याची पहिली गाजलेली रीत विमानप्रवासाच्या कितीतरी आधीची आहे. १९१८ साली रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकी माणसाने तिचं पेटंट घेतलं. पुढे तिला ‘साउंडेक्स’ म्हणू लागले आणि अमेरिकेच्या जुन्या जनगणनांची सूची तिच्यावर बेतली गेली. रीत अशी: आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे सगळे स्वर, शिवाय ‘एच’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ टाकून द्यायचे. उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीने आकडे द्यायचे: ‘बी, एफ, पी, व्ही’ला १; ‘सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड’ला २; ‘डी, टी’ला ३; ‘एल’ला ४; ‘एम, एन’ला ५; ‘आर’ला ६. शेजारी-शेजारी तोच आकडा आला तर एकदाच धरायचा. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य. आपल्या वर्णमालेत प-फ-ब-भ एका ओळीत बसवणाऱ्यांना यात नवं काही वाटलं नसतं. रोमन लिपीला हे शहाणपण बाहेरून चिकटवावं लागलं एवढंच.

आता ही रीत कॅसलरॉकला लावून बघू. इकडचा गावकर: ‘जी’, मग ‘एन’चा ५, ‘के’चा २, ‘आर’चा ६. जी-५२६. तिकडचा गावकर: ‘जी’, ‘एन’चा ५, ‘सी’चा २, ‘आर’चा ६. जी-५२६! नाईक दोन्हीकडे एन-२००, कारण ‘के’ आणि ‘क्यू’ एकाच टोपलीत. प्रभू आणि पोरोबो दोघेही पी-६१०. शेणै आणि सिनाय एस-५००. देसाई एका ‘एस’ने लिहा की दोन, डी-२००. लेखनाची जुनी सरहद्द, जकातनाक्यांनीही जपलेली, एका अमेरिकी माणसाच्या सहा आकड्यांनी पुसून टाकली, आणि त्याने कोकणीचा शब्दही ऐकला नसणार. कामत मात्र फसतात: एक ‘के’ने सुरू होतो, दुसरा ‘सी’ने, आणि कामोतिमला शेवटी एक ‘एम’ जास्त. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, ही त्या रीतीची मोठी खोट. आज याद्या ताडणारे हिशेब रसेलच्या पुष्कळ पुढे गेले आहेत, पण मूळ कल्पना हीच.

चेक-इनचा संगणक मात्र एवढा उदार नसतो, नोंदणीच्या कचेऱ्याही नसतात. म्हणून १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवर ‘सी’, शाळेच्या दाखल्यावर ‘के’ आणि मुलाला लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचा, असा गुंता झाला की घरात फायली साठतात. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा वेगळा कायदाच आहे.

घाटावर वेगळा घोळ. कर्नाटकात कागदोपत्री आडनावाऐवजी वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचं आद्याक्षर चालतं. काहींच्या कागदावर तर एकच नाव, पुढे-मागे काही नाही. पासपोर्टाला एकच नाव चालतं, तिकिटाला दोन हवीत, तिरकी रेघ मध्ये उभी असते ना! मग काही कंपन्या तेच नाव दोनदा लिहायला सांगतात. अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफ-एन-यू’ येतं, म्हणजे ‘नाव माहीत नाही’, आणि पुढे ती तीन अक्षरंच माणसाला नाव म्हणून चिकटतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश देणार नाही असं कळवलं, तेव्हा गल्फला लेकीकडे निघालेल्या कित्येक आईवडिलांची झोप उडाली. नंतर खुलासा आला: पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. ज्या पानाकडे यंत्र ढुंकूनही बघत नाही, त्या पानाने लोकांना तारलं.

बायकांची तऱ्हा आणखी. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिण्याची रीत आपल्याकडे होती, काही घरांत आहे. तांदूळ गोळा केले की ते नाव मोडतं, पण रेशनकार्डावर जातं. मग आधारवर एक, पदवीवर दुसरं, पासपोर्टावर तिसरं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि माहेरच्या जागी सासरचं आडनाव येतं, म्हणजे तीनपैकी दोन नावं बदलली आणि पहिलं बदललं तर तिन्ही. नशीब, तिकिटाला या इतिहासात रस नसतो. ज्या कागदावर प्रवास करायचा, त्याच्या तळाच्या ओळीतलं नाव तिकिटावर अक्षराला अक्षर उतरवलं की संपलं. लाडकं नाव, सवयीचं नाव, ट्रॅव्हल एजंटला फोनवर सांगितलेलं नाव, यांतलं काही नको. एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक कंपन्या आधी कळवल्यास बहुधा दुरुस्त करून देतात, अख्खं नाव बदलायला मात्र तयार नसतात.

३९ घरांची खरी कसोटी पुढे आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर चार खणांत लिहायचं: बाळाचं, आईचं, वडिलांचं, आडनाव. निर्णय मला पसंत आहे. जोयड्याला तो लागू नाही, पण घाटावरच्या लेकी कोल्हापूर-पुण्याला दिलेल्या असतातच. आता वरच्याच उदाहरणातल्या देशपांड्यांच्या घरात पुरुषोत्तम नावाचा असा नातू जन्मला, आई अन्नपूर्णा, वडील ज्ञानेश्वर, आणि चारही नावं पासपोर्टात घातली, तर रोमनमध्ये अक्षरंच चाळीस होतात आणि मधली ‘<’ धरून चव्वेचाळीस. पाच घरं कमी. सरळ तोडायचं म्हटलं, तर आडनाव, बाळ आणि आई पुरती बसतात. वडिलांच्या वाट्याला सहा घरं उरतात. त्यांत ‘ज्ञाने’ मावतं, ‘श्वर’ बाहेर राहतं.